जुनी मिआटा आणि कॅलिफोर्नियाचा स्मॉग चेक : नवीन घेणाऱ्यांसाठी

दर दोन-तीन महिन्यांनी कुणाचा तरी मेसेज येतोच, दादा एक मिआटा बघितलीये, ९२ची, लाल, हेडलाइट वर उघडणारे, भाव पण ठीक आहे, घेऊ का? आणि मग महिन्याभराने दुसरा मेसेज, दादा स्मॉगमध्ये फेल झाली, आता काय करू. मिआटा म्हणजे माझदाची छोटी दोन सीटर स्पोर्ट्स कार, आणि स्मॉग चेक म्हणजे कॅलिफोर्नियातली धुराची सरकारी टेस्ट, जी पास झाल्याशिवाय रजिस्ट्रेशन होत नाही. म्हणून म्हटलं एकदा सगळं नीट लिहून ठेवतो, म्हणजे पुढच्याला फक्त लिंक पाठवायची. मी काही मेकॅनिक नाही बरं का, दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसणारा माणूस आहे, पण माझ्याकडे १९९२ची १.६ लिटरवाली मिआटा बरीच वर्षं आहे आणि बे एरियात (सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या भागात) राहून तिला प्रत्येक वेळी पास करून घेतलीये. दोनदा फेलही झालीये, त्याचंही सांगतो.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. आपल्याकडची पीयूसी म्हणजे सायलेन्सरमध्ये नळी घातली, आयडलवर (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) सीओ आणि एचसी बघितलं, कागद घेतला, निघालो. इथे जुन्या गाडीचं तसं नाही. २००० आणि त्यानंतरच्या गाड्यांना बहुतेक वेळा फक्त कॉम्प्युटर जोडून बघतात, पण १९७६ ते १९९९ मधल्या गाडीला बे एरिया, लॉस एंजेलिस वगैरे भागात रोलरवर चढवतात. चाकं रोलरवर, इंजिनावर लोड टाकायचा, ताशी १५ मैलांवर एकदा आणि २५ मैलांवर एकदा चालवायची, आणि मागून निघणाऱ्या धुरात तीन गोष्टी मोजायच्या : एचसी म्हणजे न जळलेलं पेट्रोल, सीओ म्हणजे अर्धवट जळलेलं, आणि एनओ म्हणजे नायट्रोजनचं ऑक्साइड. हे तिसरं आपल्या जुन्या पीयूसीत नसतंच, आणि आपली मंडळी नेमकी तिथेच आपटतात. ते का मोजतात तर लॉस एंजेलिसचा तो प्रसिद्ध धुरकट थर. १९५०च्या आसपास कॅलटेकच्या हागेन-स्मिट नावाच्या शास्त्रज्ञाने दाखवून दिलं की एचसी आणि नायट्रोजनची ऑक्साइडं उन्हात एकत्र आली की ओझोन तयार होतो, डोळे चुरचुरतात ते त्यामुळे. तिथून हे सगळं सुरू झालं, आणि सध्याचा स्मॉग चेक १९८४ पासून आहे.

मी मिआटाबद्दल लिहितोय कारण मला तीच माहितीये. १९८९ साली शिकागोच्या शोमध्ये आली, कल्पना आणि आकार बराचसा इथल्या कॅलिफोर्नियातल्याच माझदाच्या ऑफिसात घडला, वजन जेमतेम एक टन, १९९३ पर्यंत १.६ इंजिन आणि ९४ पासून १.८. जुनी ब्रिटिश दोन सीटर गाडी असावी पण रोज सकाळी चालू व्हावी, एवढाच तिचा हट्ट. तुमच्याकडे दुसरी कुठली नव्वदीतली स्पोर्ट्स कार असेल तरी यातलं बरंचसं लागू पडेल, आकडे तेवढे तुमच्या गाडीच्या बॉनेटखालच्या स्टिकरवरून घ्या.

घ्यायच्या आधी

पैसे देण्याआधी गाडीचा नंबर ब्युरो ऑफ ऑटोमोटिव्ह रिपेअरच्या (स्मॉग चेक बघणारं राज्याचं ऑफिस) साइटवर टाका, त्या गाडीच्या आधीच्या सगळ्या स्मॉग चेकचा इतिहास दिसतो, पास कधी, फेल कधी. फुकट आहे. फेल, फेल, पास, मग दोन वर्षांनी परत फेल, फेल, पास असं दिसलं तर समजायचं की ही गाडी दर वेळी कसंबसं ढकलून पास करवलीये.

दुसरं, खाजगी माणसाकडून गाडी घेताय तर चालू स्मॉग सर्टिफिकेट देणं ही विकणाऱ्याची जबाबदारी आहे, तुमची नाही. सर्टिफिकेट ९० दिवस चालतं. "अरे होईल पास, मागच्या वेळी झाली होती, म्हणून तर स्वस्त देतोय" असं म्हणणारे भेटतात, त्यांना गोड बोलून सांगायचं की मग करून दे, मी दोनशे डॉलर जास्त देतो. नाही म्हणाला तर कळलं.

तिसरं, बॉनेट उघडा आणि बघा काय काय बदललंय. मोठा चकचकीत कोन फिल्टर, चमकणारा हेडर (इंजिनातून धूर बाहेर आणणारे पाइप), कॅटच्या (कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, धूर साफ करणारा डबा) जागी सरळ पाइप. कॅलिफोर्नियात इंजिनच्या हवेशी किंवा धुराशी संबंध असलेला बाहेरचा पार्ट लावायचा तर त्याला इथल्या एअर बोर्डाचा (हवेचं प्रदूषण बघणारं राज्याचं खातं) ईओ नंबर, म्हणजे मंजुरीचा नंबर लागतो, स्टिकर नसेल तर धुरात काही नसलं तरी नुसतं बघूनच फेल करतात. कॅटच्या मागचा सायलेन्सर बदललेला चालतो, त्याला कुणी विचारत नाही (शेजारी विचारतात ती गोष्ट वेगळी). मालकाने ओरिजिनल पार्ट खोक्यात ठेवले असतील तर ते खोकं गाडीसोबत मागून घ्याच, ते खोकं सोन्यासारखं आहे.

आणि ९० किंवा ९१च्या सुरुवातीची गाडी असेल तर क्रँकची पुली (इंजिनाच्या पुढच्या टोकावरचं बेल्टचं चाक) बघा. पुढून चार खाचा दिसल्या तर तो आखूड नाकाचा क्रँक, त्याची चावी (पुली जागेवर धरणारी छोटी पट्टी) आणि बोल्ट सैल पडून पुढचं टोक खराब व्हायचा प्रॉब्लेम त्या गाड्यांना होता. आठ खाचा असल्या तर निर्धास्त. चारवाली घेऊच नका असं नाही, चांगल्या चालणाऱ्या भरपूर आहेत, पण मग टायमिंग बेल्ट बदलताना तो बोल्ट कुणी कसा घट्ट केला हे फार महत्त्वाचं होतं.

आता गाडी घरी आली. टेस्टला पळू नका

इथे सगळ्यात मोठी चूक होते. डीएमव्हीचं (इथलं आरटीओ) पत्र आलं, शेवटची तारीख परवाची, गाडी तीन महिने कव्हरखाली, तशीच नेली आणि फेल. किमान महिनाभर आधी सुरू करा. आणि क्रम मोडू नका, कारण लोक पहिल्यांदा कॅट बदलतात, तोच सगळ्यात महाग पार्ट आणि तोच सहसा शेवटचा आरोपी. माझी गाडी पहिल्यांदा फेल झाली तेव्हा एका दुकानदाराने टेस्टचा कागद धड न बघता सांगितलं, कॅट गेला, नवा टाका. मी घाबरून होच म्हणणार होतो. नंतर कळलं टायमिंग (प्लगची ठिणगी कधी पडते ते) पुढे सरकवलेलं होतं, बारा नंबरचा एक बोल्ट सैल करून, जरासं फिरवून, परत घट्ट केला, खर्च शून्य.

तर पहिला आठवडा नुसत्या सर्व्हिसचा. इंजिन ऑइल आणि फिल्टर. जुन्या ऑइलमध्ये पेट्रोल मिसळलेलं असतं, त्याची वाफ पीसीव्ही व्हॉल्व्हमधून परत इंजिनात ओढली जाते आणि एचसी, सीओ दोन्ही वर जातात, तीस डॉलरच्या ऑइलने हे टळतं. पीसीव्ही व्हॉल्व्ह काढून हलवून बघा, खडखड वाजला पाहिजे, नाही वाजला तर नवा टाका, स्वस्त आहे. एअर फिल्टर नवा. स्पार्क प्लग नवे, गॅप १.१ मिलिमीटर. प्लग काढताना प्रत्येक प्लग कुठल्या सिलिंडरचा ते क्रमाने मांडून ठेवा आणि रंग बघा : फिकट तपकिरी म्हणजे छान, काळा कोरडा म्हणजे मिश्रण जास्त श्रीमंत (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त), काळा ओला तेलकट म्हणजे इंजिन ऑइल खातंय, पांढराफटक म्हणजे पेट्रोल कमी आणि उष्णता जास्त. हातगाडीवरचा भजीवाला तेलाचा रंग बघून सांगतो ना आता बदलायला हवं, तसंच आहे हे, थोड्या दिवसांनी नजर बसते.

प्लगच्या विहिरीत तेल साचलेलं दिसलं तर वरच्या व्हॉल्व्ह कव्हरचा गॅसकेट गेलाय, तो बदला, नाहीतर ते तेल प्लग वायरचं रबर खातं. आणि प्लग वायरबद्दल एवढं सांगतो की १.६ मिआटात अर्ध्या चुकांच्या मुळाशी त्याच असतात. मिसफायर होतो (पेट्रोल नीट पेटतच नाही), लोडवर गाडी झटके मारते, आणि लोक कॉइल, इंजेक्टर, पेट्रोल पंप सगळं बदलून बसतात. रात्री अंधारात बॉनेट उघडा, इंजिन चालू करा आणि वायरवर स्प्रेने थोडं पाणी उडवा, ठिणग्या नाचताना दिसल्या तर निकाल लागला (हात लांब ठेवा, झटका जबरी बसतो, मला बसलाय, तोंडातून जे निघालं ते बायकोने आतून ऐकलं). चांगल्या कंपनीच्या वायर टाका, चार-पाच वर्षांनी परत बदला, हा खर्च गृहीत धरूनच चला.

हवा कुठून गळते ते शोधा

१.६ गाडीत हवा मोजायला झडप असलेला मीटर आहे, हवा आत गेली की झडप उघडते आणि किती उघडली त्यावरून कॉम्प्युटर पेट्रोल ठरवतो. त्या मीटरपासून थ्रॉटलपर्यंत (अ‍ॅक्सिलरेटरने उघडणारी हवेची झडप) जाडजूड रबरी पाइप आहे, तीस वर्षांचं रबर, वाकवून बघितलं की घड्यांमध्ये भेगा दिसतात. तिथून हवा आत गेली तर मीटरला पत्ताच नसतो, मिश्रण पातळ होतं (हवेच्या मानाने पेट्रोल कमी), आयडल वर-खाली होत राहतो, पातळ मिश्रणाने मिसफायर झाला तर एचसी वाढतं आणि मिसफायर न होता नुसतं गरम जळलं तर एनओ वाढतं. म्हणजे एका भेगेने दोन आकडे बिघडू शकतात. १.८ला झडपेचा मीटर नाही, वेगळ्या प्रकारचा आहे, पण पाइपच्या भेगेचं गणित तेच.

व्हॅक्यूमच्या बारीक नळ्या एकेक करून बदला, मीटरच्या मापाने विकत मिळतात, एका शनिवारचं काम. एका वेळी एकच काढा आणि लगेच नवी लावा, सगळ्या एकदम काढल्या तर कुठली कुठे ते शोधण्यात रविवारही जाईल. बॉनेटच्या आतल्या बाजूला नळ्यांचा नकाशा चिकटवलेला असतो, तो स्टिकर जपा, टेस्ट करणारा पण त्याच्याशीच ताडून बघतो.

मागे धुराच्या बाजूलाही गळती बघायची. ऑक्सिजन सेन्सरच्या आधी एक्झॉस्टला बारीक चीर असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला वाटतं ऑक्सिजन जास्त आहे म्हणजे पेट्रोल कमी पडतंय, तो कॉम्प्युटरला सांगतो अजून टाक, आणि कॉम्प्युटर बिचारा टाकत राहतो. सीओ वर. सकाळी गार इंजिन चालू करून कान लावा, टिक टिक टिक आवाज एक्झॉस्टजवळून आला आणि गरम झाल्यावर कमी झाला तर चीर. तसाच टिकटिक आवाज या इंजिनाच्या हायड्रॉलिक लिफ्टरचाही येतो, तो वरून येतो, घाबरण्यासारखा नसतो आणि ऑइल बदललं की बऱ्याचदा कमी होतो.

गरम होतंय का, आणि किती

थर्मोस्टॅट उघडाच अडकला असेल तर इंजिन पूर्ण गरम होतच नाही, कॉम्प्युटरला वाटतं अजून सकाळच आहे आणि तो पेट्रोल जास्त सोडत राहतो. हीटर कोमट येतो का बघा, हायवेवर काटा खाली पडतो का बघा. उलट बाजूने, इंजिन जास्त गरम चालत असेल तर एनओ वाढतं, ते वेगळं दुखणं. रेडिएटरची वरची प्लास्टिकची टाकी काळी आहे का ते बघा. मिआटात ती काळी टाकी म्हातारी झाली की हिरवट-तपकिरी होते, आणि तशी झाली म्हणजे फुटायच्या वाटेवर आहे. नवा रेडिएटर फार महाग नाही, हायवेवर वाफ सोडत उभं राहण्यापेक्षा बरा.

टायमिंग बेल्ट कधी बदलला ते माहीत नसेल तर बदला, साधारण ६० हजार मैलांचा हिशोब धरा. चांगली गोष्ट म्हणजे या इंजिनात बेल्ट तुटला तरी व्हॉल्व्ह पिस्टनला आपटत नाहीत, गाडी नुसती बंद पडते. त्याच वेळी वॉटर पंप आणि पुढचे ऑइल सील करून घ्या, मजुरी तेवढीच लागते. इंजिनाच्या डोक्यामागे कॅम अँगल सेन्सर असतो, त्याची ओ-रिंग कडक होऊन तिथून तेल गळतं आणि खाली गिअरबॉक्सवर टपकतं, लोकांना वाटतं इंजिनाचं मागचं सील गेलं, आता गिअरबॉक्स उतरवा. आधी ती दोन-चार डॉलरची ओ-रिंग बघा.

टायमिंग : इथे जरा सावकाश वाचा

मिआटावाल्यांमध्ये एक जुनी सवय आहे, बेस टायमिंग कंपनीच्या १० अंशांवरून १४ किंवा त्याच्याही पुढे सरकवायचं. गाडी खालच्या आरपीएमला जरा तरतरीत वाटते, खोटं नाही. पण ठिणगी लवकर पडली की आतलं तापमान आणि दाब वाढतो, आणि एनओ त्याच्याबरोबर वर चढतं. शिवाय टेस्टमध्ये टायमिंग लाइट लावून बेस टायमिंग बघतातच, ठरलेल्या आकड्यापासून तीन अंशांपेक्षा जास्त लांब असेल तर तिथेच फेल. म्हणजे १४ला दोन्हीकडून मार.

करायचं असं. इंजिन पूर्ण गरम, एसी, लाइट, पंखा सगळं बंद. बॉनेटखाली ड्रायव्हरच्या बाजूला झाकणावर डायग्नोसिस लिहिलेली काळी डबी आहे, तिच्यात टीईएन (TEN) आणि जीएनडी (GND) लिहिलेल्या दोन जागा वायरच्या तुकड्याने जोडा. यामुळे कॉम्प्युटर स्वतःचं डोकं चालवायचं थांबवतो आणि खरं बेस टायमिंग दिसतं. हे जोडल्याशिवाय मोजलेलं टायमिंग काहीच कामाचं नाही, आणि गंमत म्हणजे काही टेस्टवाल्यांनाही हे माहीत नसतं, पोरगेला टेक्निशियन असला तर मी नम्रपणे सांगतो, भाऊ ती डबी जोडून बघ. आधी आयडल बघा, ८५० आरपीएमच्या जवळ, ५० इकडे-तिकडे चालेल, नसेल तर थ्रॉटलवरच्या हवेच्या स्क्रूने आणा. मग पहिल्या सिलिंडरच्या वायरला टायमिंग लाइट लावा, पुलीवरची खूण आणि कव्हरवरचा १० जुळतोय का बघा. नसेल तर मागच्या त्या कॅम अँगल सेन्सरचा १२ मिलिमीटरचा बोल्ट सैल करा आणि सेन्सर अगदी थोडा, केसभर म्हणतात तसा, फिरवा. जुळलं की बोल्ट घट्ट, परत एकदा बघा, कारण घट्ट करताना तो हलतो. वायर काढायला विसरू नका.

तीच डबी ९३ पर्यंतच्या गाड्यांत कोड वाचायलाही कामी येते. टीईएन-जीएनडी जोडून इंजिन चालू न करता नुसती चावी ऑन करा, चेक इंजिनचा दिवा लुकलुकतो, लांब लुकलुक म्हणजे दशक, आखूड म्हणजे एकक. १५ किंवा १७ म्हणजे ऑक्सिजन सेन्सरची भानगड, ०८ म्हणजे हवेचा मीटर, ०९ म्हणजे कूलंटच्या तापमानाचा सेन्सर. स्कॅनर नको, काही नको. ९६-९७च्या गाडीला मात्र आधुनिक ओबीडी (गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोष वाचायची सोय) आहे, तिला स्वस्तातला रीडर लावा, आणि टेस्टच्या आधी बॅटरी काढू नका, काढली तर आतले मॉनिटर (कॉम्प्युटरच्या स्वतःच्या तपासण्या) शून्यावर जातात आणि परत तयार व्हायला चांगलं आठवडाभर फिरवावं लागतं.

ऑक्सिजन सेन्सर आणि मग, सगळ्यात शेवटी, कॅट

कॅट नीट काम करतो तो फक्त मिश्रण १४.७ भाग हवा आणि १ भाग पेट्रोल याच्या आसपास नाचत असेल तेव्हा. ते नाचवायचं काम ऑक्सिजन सेन्सरचं. मल्टिमीटर लावून बघा, गरम इंजिनावर व्होल्टेज ०.१ ते ०.९ च्या मध्ये सारखं वर-खाली व्हायला हवं, म्हाताऱ्या सेन्सरचं ते संथ होतं किंवा एका जागी बसतं. ६० हजार मैलांहून जास्त चालला असेल तर विचार न करता बदला. कॅटपेक्षा कितीतरी स्वस्त.

हे सगळं करूनही आकडे वर असतील तर कॅटकडे बघा. आणि लक्षात ठेवा कॅट सहसा आपणहून मरत नाही, त्याला कुणीतरी मारतं. मिसफायरमधलं कच्चं पेट्रोल आत जाऊन जळतं आणि आतली जाळी वितळते, किंवा जळलेल्या ऑइलची राख त्यावर बसते. मूळ दुखणं न काढता नवा कॅट लावला तर तोही त्याच वाटेने जाणार. कॅलिफोर्नियात इथल्या एअर बोर्डाची मान्यता असलेलाच कॅट चालतो, नंबर कोरलेला असतो, आणि तो तुमच्याच वर्षाच्या, तुमच्याच इंजिनाच्या यादीत असायला हवा. इंटरनेटवर दिसणारे स्वस्त कॅट दुसऱ्या राज्यांसाठी असतात, लावलात तर पैसे पाण्यात.

टेस्टचा दिवस

आदल्या आठवड्यात टाकीत इंजेक्टर क्लीनर टाकून एक टाकी संपवा, पॉलिइथरअमाइन असलेला घ्या, तोच खरा काम करतो, आणि नंतर ऑइल बदला. "पास होण्याची गॅरंटी" लिहिलेल्या बाटल्या मी कधी घेतल्या नाहीत. साधं ८७ ऑक्टेनचं पेट्रोल भरा, बेस टायमिंग १०वर असेल तर महागाच्या ९१ने काही फरक पडत नाही.

टायर बघा. रोलरवर चढवायची म्हणजे टायर गुळगुळीत असेल तर ते हातच लावत नाहीत. पेट्रोलच्या झाकणाचं रबर बघा, झाकणाची वेगळी टेस्ट होते, आणि ९५ पर्यंतच्या गाड्यांना टाकीतून वाफ गळते का याचीही टेस्ट आहे, टाकी आणि नळ्यांमध्ये हलका दाब भरून बघतात. झाकण नवीनच घेतलेलं बरं.

अपॉइंटमेंट आधी फोन करून घ्या आणि स्पष्ट विचारा, ९२ची गाडी आहे, रोलर आहे ना? हल्ली बऱ्याच दुकानांनी रोलर ठेवलेलेच नाहीत कारण नव्या गाड्यांना लागत नाहीत, आणि ज्यांच्याकडे आहेत ते जुन्या गाडीला जास्त पैसे घेतात, सर्टिफिकेटचे सव्वाआठ डॉलर वेगळे. पत्रात स्टार स्टेशन (ब्युरोने खास मान्यता दिलेलं दुकान) म्हटलं असेल तर स्टारलाच जावं लागतं. पहिल्यांदा असाल तर सांगा की आधी प्री-टेस्ट करा, निकाल डीएमव्हीला न पाठवता. थोडे पैसे जास्त जातात पण फेलचा शिक्का बसत नाही.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, गाडी गरम हवी. नुसती चालू ठेवून गरम नाही, चालवून गरम. कॅट साधारण २५०-३०० डिग्री सेल्सिअसच्या वर गेल्यावर खरा कामाला लागतो. वीस-पंचवीस मिनिटं हायवेवरून जा, शेवटची पाच-सात मिनिटं एक गिअर खाली ठेवून, आणि दुकानात पोचल्यावर इंजिन बंद करू नका. दहाची वेळ घेतली आणि त्यांनी पावणेअकरापर्यंत बाहेर उभं केलं तर परत एक चक्कर मारून या, लाजायचं काम नाही. मी सकाळची पहिली वेळ घेतो.

कागद वाचायला शिका

पास होवो वा फेल, कागद हातात येतो आणि बहुतेक जण फक्त खालचा शब्द बघून घडी घालतात. दोन ओळी असतात, १५ मैल आणि २५ मैल. प्रत्येक वायूसमोर तीन आकडे : जास्तीत जास्त किती चालेल, पास होणाऱ्या अशाच गाड्यांची सरासरी, आणि तुमचा. सरासरीशी तुलना करा, मर्यादेशी नाही. मर्यादेच्या जरा खाली म्हणजे पुढच्या वेळी फेल.

एचसी जास्त आणि ऑक्सिजनही जास्त, तर मिसफायर किंवा हवेची गळती, प्लग-वायर-पाइप बघा. सीओ जास्त, एचसी थोडं जास्त, तर पेट्रोल जास्त पडतंय, ऑक्सिजन सेन्सर, थर्मोस्टॅट, एअर फिल्टर, ऑइल. एकटं एनओ जास्त, तर टायमिंग, गरम इंजिन, पातळ मिश्रण किंवा आत साचलेला कार्बन. तिन्ही थोडे थोडे जास्त आणि बाकी सगळं नीट केलेलं असेल, तर कॅट म्हातारा झालाय.

फेल झालीच तर घाबरायचं नाही. दुरुस्त करून परत न्या, फक्त पास होईपर्यंत रजिस्ट्रेशन अडकतं. उत्पन्नाच्या अटीत बसत असाल तर राज्याची दुरुस्तीला मदत करणारी योजना आहे, पण अर्ज दुरुस्तीच्या आधी करायचा, नंतर बिलं दाखवून काही मिळत नाही. गाडी भंगारात दिली तर पैसे देणारी राज्याची योजनाही आहे, ते पत्र मला आलं होतं, मी गाडीला दाखवलं नाही. इंजिन बदललेलं असेल किंवा दुकानाशी वाद असेल तर रेफरी नावाचा प्रकार आहे, म्हणजे स्मॉगचा सरकारी पंच, तिथे वेळ घेऊन जायचं, तिथली माणसं जुन्या गाड्या ओळखतात.

बाकी वर्षभर एवढंच करा : आठवड्यातून एकदा तरी अर्धा-पाऊण तास चालवा, चार हजारांच्या वर आरपीएम नेऊन, नुसतं भाजी आणायला नको. छत ज्या बाजूने मिटतं तिथल्या पाणी जायच्या नळ्या पावसाळ्याआधी मोकळ्या करा, नाहीतर दाराखालचा पत्रा आतून गंजतो आणि त्याला कुठलीच टेस्ट पकडत नाही. क्लचचा खालचा सिलिंडर गळायला लागला की पेडल खाली बसतं, पार्ट स्वस्त आहे, आधीच घेऊन ठेवा.

आणि स्मॉगचे जुने कागद फेकू नका. माझ्या फायलीत सगळे क्रमाने लावलेत, दुसऱ्यांदा फेल झालो तेव्हा ते उघडून बघितले तर आधीच्या तिन्ही पास कागदांवर २५ मैलांचा एचसी दर वेळी थोडा थोडा चढत आलेला होता. वायर सहा वर्षं चालू होत्या आणि मी त्या कागदाची घडी घालून बसलो होतो.